तीन सूत आखूड

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा कागदावरच मानून घे). तुझा गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात त्याबद्दल एक अक्षर नव्हतं, तेव्हापासून मला नाही नाही त्या शंका येताहेत. आम्ही खुशाल आहोत, म्हणजे ही खुशाल आहे. मी प्रदर्शनाबाहेर पायरीवर बसून लिहितोय, कारण लेकीने मला आत यायला मनाई केली आहे.

पहिल्यापासून सांगतो. इथे शनिवार-रविवार डिझाइनचा महोत्सव आहे आणि लेकीने बनवलेली खुर्ची त्यात निवडली गेली, हे तुला माहीत आहेच. आज चार वाजता परीक्षक येणार. पहिली आली तर मोठ्या कारखान्यात नोकरी, नाहीतर पुन्हा दारोदार अर्ज. काल गाडी दहाची होती, आम्ही साडेसातलाच स्टेशनवर. तिथे मी हिला बाकावर टेकू दिलं नाही असं ही म्हणते, ते साफ खोटं. फलाट बदलला तर काय म्हणून दोनदा उठवलं, आणि एकदा घराला कुलूप लावलं का ते आठवायला. (आठवायला उभं कशाला राहावं लागतं, असं हिने विचारलं. बायकांना प्रत्येक गोष्टीचं कारण लागतं.) लॉजवर पलंग खिडकीजवळ होता, तो मी दाराजवळ ओढला, आग लागली तर पटकन निघता यावं म्हणून. मग तिथे भिंतीत विजेचं बटण दिसलं, म्हणून पुन्हा खिडकीजवळ. तोवर ही उशी पोटाशी धरून खोलीच्या मधोमध उभी.

आज सकाळी प्रदर्शनात गेलो. एक दिवा असा होता की तो लावल्यावर जास्तच अंधार वाटायचा, आणि त्याच्यापुढेच सगळ्यात मोठी रांग. शेजारी आपली खुर्ची. ताई, काय काम केलंय पोरीने! सांध्यात नख शिरणार नाही. ऊर भरून आला. कौतुकाने हात टेकला आणि खुर्ची डुगडुगली. काळजात धस्स झालं. चाळीस वर्षं सुतारकाम केलं मी, आणि माझ्याच लेकीची खुर्ची परीक्षकांपुढे डुगडुगणार? वाकून पाहिलं तर मागचा डावा पाय चांगला तीन सूत आखूड. लेक कॉफी आणायला गेली होती. शेजारी पाटी होती, पण पाट्या वाचत बसायची ती वेळ नव्हती. वाटेत काही निखळलं तर असावं म्हणून पिशवीत कानस, झटकन धरणारा सरस आणि सागाचे दोन तुकडे आणलेच होते. दहा मिनिटांत पाय सारखा केला. (मला महोत्सवाचा माणूस समजून दिवेवाल्यानेही आपलं टेबल दाखवलं. तेही केलं.)

लेक आली, बसली. खुर्ची जागची हलली नाही. तिच्या तोंडचं पाणीच पळालं.

"बाबा, काय केलंत हे? ती डुगडुगायलाच हवी होती!"

बसणाऱ्याला क्षणभर निवांत वाटू नये, सारखं उठावंसं वाटावं, यासाठीच म्हणे ती खुर्ची. तो पाय ठरवायला तिला चार महिने लागले. तुकडा काढायला गेलो तर निघेना. सरस मी चांगला लावतो, तेच आडवं आलं. आता ती स्वतः करवतीने कापते आहे, असं ही सांगून गेली. तीन वाजून गेले. मला काही सुचत नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. : तुला पत्र मिळेल तोवर निकाल लागलेला असेल. काहीही लागो, तू तिला फोन कर. तुझं ती ऐकते. बाबाने पाटी वाचलीच नव्हती, एवढंच सांग.

ता. क. २ : ते सांगू नकोस. पाटी मी वाचली होती. दोनदा. 'आमच्या घरात बाबा कुणाला पाच मिनिटं स्वस्थ बसू देत नाहीत. ही त्या घरातली खुर्ची.' वाचलं आणि हात आपसूक पिशवीत गेला. लोक काय म्हणतील म्हणून नव्हे गं. पोरीला एकदा तरी नीट बसता यावं असं वाटलं.

तूच सांग, मी खरंच तसा आहे का? अगदी सावकाश, विचार करून लिही. म्हणजे आत्ताच ऊठ आणि लिहायला घे, तुमच्याकडचं टपाल साडेचारला निघतं.