मेक्सिकोच्या देवीची ओटी

आई, तुला मेक्सिको सांगायचं राहून गेलं. शाळेची सहल परत आली की तू एकेका मुलाला उभं करायचीस आणि काय पाहिलं ते सांगायला लावायचीस. जो "छान होतं बाई" एवढंच म्हणून खाली बसायचा त्याला पुन्हा उभं करायचीस. जे सांगता येत नाही ते पाहिलंच नाही, हे तुझं ठरलेलं वाक्य. तसं बघितलं तर मी मेक्सिको पाहिलेलंच नाही. तू फोनवर विचारलंस तेव्हा मी "छान आहे गं" म्हणाले आणि फोनकार्डातली मिनिटं संपतायत असं सांगून फोन ठेवला. आज जर्सी सिटीत सकाळपासून बर्फ पडतंय. ऑफिसला सुट्टी आहे, कालचा भात फोडणी देऊन खाल्ला, आणि आता वर्गात उभं केल्यासारखी तुझ्यापुढे लिहायला बसलेय. इतकी वर्षं का लावलीस असं विचारू नकोस.

तुला माझ्या व्हिसाचं भारी कौतुक होतं. व्हिसाचं म्हणजे तो संपण्याचं. पासपोर्टातला शिक्का संपला की नवा घ्यायला मला अमेरिकेबाहेर जावं लागायचं. बाहेर म्हणजे मुंबईला, आणि मुंबईला आले की रजा काढून तुझ्याकडे. शेजारच्या काकूंना तू सांगायचीस, "शिक्का मारायला येतेय." आपल्या घरी चकल्या दिवाळीला कमी आणि माझ्या शिक्क्याला जास्त व्हायच्या. नवा शिक्का मिळाला की चष्मा लावून तो निरखायचीस आणि पहिला प्रश्न ठरलेला, "हा कधी संपतो?" अमेरिकेच्या सरकारनं इतक्या लांब मुदतीचे शिक्के देऊन लोकांच्या मुली अडकवून ठेवू नयेत, असं तुझं स्पष्ट मत होतं.

मग ते वर्ष आलं. आमच्याकडे माणसं कमी करणं चाललं होतं, रोज कुणी ना कुणी खोक्यात सामान भरून निघायचं, आणि महिनाभराची रजा मागायची माझी छाती नव्हती. माझी रूममेट म्हणाली, "अगं मुंबईला कशाला जातेस? मेक्सिकोला स्टॅम्पिंग कर. तीन-चार दिवसांत काम होतं. हल्ली सगळे तेच करतायत, यार." मला ते पटलं, आणि नुसतं रजेमुळे पटलं नाही. तुझ्याकडे आले की लग्नासाठी मुलांचे फोटो निघायचे, मावश्या यायच्या, आणि मी परत कशाला जाते हा विषय पोळीच्या पहिल्या घासाबरोबर सुरू व्हायचा. मला ते तीन आठवडे नको होते. तुझ्या हातचं जेवण हवं होतं आणि तू नको होतीस, असं म्हटलं तरी चालेल.

फोनवर सांगितलं तेव्हा तू आधी नकाशा आठवून पाहिलास. मग म्हणालीस, "मेक्सिको म्हणजे अमेरिकेच्या खालचा. आणि तिथं शिक्का नाही दिला तर?"

"मग परत अमेरिकेत घेत नाहीत. तिथूनच भारतात यावं लागतं."

"मग नाहीच देऊ देत," तू हसून म्हणालीस. मी हसले नाही. माझी नोकरी त्या शिक्क्यावर टांगलेली होती आणि मला तुझी चेष्टा झोंबली. ते तुला कळलं असावं, कारण तू लगेच विषय बदललास. कुठल्याही गावात पाऊल ठेवलं की आधी गावच्या देवीला जायचं, हा सहलीचा नियम मला पुन्हा ऐकवलास आणि म्हणालीस, "माझ्या नावानं तिथल्या देवीची ओटी भर."

मला नवरात्रातलं आपलं देऊळ आठवलं. बाबा गेल्यापासून तू देवळात जायचीस, पण ओटीचं तबक कधी हातात घेतलं नाहीस. बायकांची रांग पुढे सरकायची आणि तू खांबाशी उभी राहून सगळ्यांच्या पिशव्या सांभाळायचीस. कुणी तुला अडवलं नव्हतं. अडवायची वेळच तू कुणावर येऊ दिली नाहीस. मी म्हणाले, "आई, माझं तर लग्नही झालेलं नाही. मी कशी भरू?"

"तू कुठं भरतेयस? मी भरतेय. हात तेवढे तुझे." मग आवाज खाली आणून म्हणालीस, "तिथं मला कोण ओळखतंय?"

इथल्या साड्यांच्या दुकानातून मी हिरवा खण घेतला. मेक्सिकोच्या राजधानीत अमेरिकन वकिलातीतल्या माणसानं दोन प्रश्न विचारले, पासपोर्ट ठेवून घेतला आणि कळवू म्हणाला. रांगेत पुढे नागपूरचा एक जण होता, त्याचाही पासपोर्ट आत राहिला. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "मॅडम, पासपोर्ट त्यांच्याकडे आहे, टेन्शन आपल्याकडे. हॉटेलात बसून काय करणार? चला, गाव बघू." आणि आम्ही गाव बघत सुटलो.

तर आता ऐक. ते शहर मूळच्या तळ्यावर वसलंय, म्हणून हळूहळू खचतंय. मोठ्या चौकातल्या जुन्या चर्चमध्ये शिरलं की जमीन एका अंगाला कललेली पायांना कळते. घुमटातून एक लांबलचक ओळंबा सोडलाय. देऊळ किती आणि कुठल्या बाजूला झुकलं ते त्यावरून दिसतं. तू पोरांना त्याच्याभोवती गोल बसवून अर्धा तास तरी हलू दिलं नसतंस. शहराबाहेर सूर्याचा पिरॅमिड आहे. पायऱ्या इतक्या उभ्या की नागपूरकर अर्ध्यावर बसला आणि म्हणाला, "तुम्ही व्हा पुढं, मी सूर्याला खालूनच नमस्कार करतो." मी वर गेले. वर वारा होता, खाली सरळ रुंद रस्ता आणि माणसं मुंग्यांएवढी. त्यानंतरच्या दिवशी कालव्यातल्या नावा. प्रत्येक नावेच्या कमानीवर फुलांनी बाईचं नाव लिहिलेलं. आमच्या नावेला दुसरी नाव लागते, तीत गाणारे उभे असतात, तिसरीत एक बाई शेगडीवर कणसं भाजत असते. कणसावर ती लिंबू पिळते, तिखट चोळते. मी खाते आणि डोळ्यांत पाणी येतं, तो आपल्या घाटातल्या कणसाचाच स्वाद असतो. इतकी मी कित्येक महिन्यांत हसले नव्हते. ओटी रोज उद्यावर जात होती. नारळ घ्यायला बाजारात जावं लागणार, देवीचं, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती देवमातेचं, देऊळ शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणि दिवस मजेत चालले होते.

त्या संध्याकाळी तुला फोन केला. तुझ्याकडे सकाळ, तू शाळेला निघालेली. "भरलीस का ओटी?"

"उद्या नक्की, आई. आज दमले."

"बरं. आज काय पाहिलंस?"

तेव्हा मी ते "छान आहे गं" म्हणाले. तू वर्गात असतीस तर मला पुन्हा उभं केलं असतंस. फोनवर तू नुसतं "बरं, आल्यावर सांग" म्हणालीस.

सकाळी हॉटेलच्या काउंटरवर दादाचा फोन आला. तू शाळेतून आलीस, पाणी प्यायलीस, दम लागतोय म्हणून पलंगावर टेकलीस, आणि डॉक्टर येईपर्यंत संपलं होतं. दादानं विचारलं, "थांबू का तुझ्यासाठी?" मी म्हणाले, माझा पासपोर्ट माझ्याकडे नाहीये, कधी मिळेल माहीत नाही. तो म्हणाला, "मग आम्ही उरकून घेतो." मुंबईला आले असते तर त्या दिवशी मी तुझ्या स्वयंपाकघरात असते, कदाचित तुझ्याशी भांडत असते. हे मी तेव्हापासून रोज स्वतःला सांगत आलेय, आणि ते कधी जुनं होत नाही.

सुतकात देवळात जात नाहीत हे मला ठाऊक होतं. तरी गेले, हॉटेलात बसवेना. नागपूरकर बरोबर आला, एकटं जाऊ नका म्हणाला. बाजारातून नारळ, तांदूळ आणि हळकुंडासारखं दिसणारं काहीतरी त्यानंच शोधून आणलं. तिथली देवी उंचावर तसबिरीत आहे, निळ्या-हिरव्या शालीतली, सावळी, मान जराशी खाली. तिच्या पायथ्याशी सरकता पट्टा आहे, विमानतळावर असतो तसा. गर्दी तुंबू नये म्हणून. त्यावर उभं राहायचं, मान वर करायची, हात जोडेपर्यंत देवी मागे पडते. ओटी ठेवायला जागाच नव्हती. मी पुन्हा वळसा घालून पट्ट्यावर उभी राहिले, पुन्हा पुढे गेले, हातात नारळ तसाच.

शेवटी बाकावर काळी शाल घेतलेली एक म्हातारी दिसली. मी तिच्यापुढे खण धरला. मी विकायला आलेय असं वाटून तिनं मान हलवली. नागपूरकरानं "मामा", म्हणजे त्यांच्या भाषेत आई, असं म्हणून माझ्याकडे आणि मग वर आभाळाकडे बोट दाखवलं. तिला कळलं. तिनं शालीचं टोक दोन्ही हातांत पसरलं आणि मी त्यात खण, तांदूळ, नारळ घातले. ती विधवा होती की सवाशीण, मला विचारता आलं नाही. विचारलंही नसतं. तुझी ओटी भरली गेली, आई, एवढं तरी तुला सांगते.

दुसऱ्या दिवशी नव्या शिक्क्यासकट पासपोर्ट आला आणि मी भारतात यायला निघाले. घरी पोचले तेव्हा पलंग भिंतीला उभा करून ठेवला होता. ओटीचं ऐकून मावशी रडली. "देवीकडे काय मागितलंस?" तिनं विचारलं. मी म्हणाले, आईच्या आत्म्याला शांती.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीये, म्हणून तुला सांगते. त्या पट्ट्यावर मान वर केली आणि तोंडातून आलं ते "शिक्का मिळू दे." दोन्ही वेळा तेच आलं. तुझ्याकडे यायला नुसता पासपोर्ट पुरला असता. शिक्का लागतो तो अमेरिकेत परत जायला.