कैसरवरची फिर्याद

बीड, १९ जुलै १९१९

कैसरवर मुकदमा चालवणार म्हणे! पुण्याचं वर्तमानपत्र आज टपालात आलं — शिळं, एक कोपरा भिजलेला. जर्मनीचा हा बादशहा लढाई हरला, हॉलंडात पळाला, आणि आता त्याला लंडनला आणून इजलासापुढे उभा करणार. न्यायाधीश पाच. इंग्लंड, फ्रान्स, इटली, अमेरिका, जपान. पाचही फिर्यादीच्या बाजूचे! असं कोर्ट मला बीडात मिळालं तर जन्मात मुकदमा हरणार नाही.

कोर्टाच्या ओसरीवर युसूफ वकील पेटला. वर्तमानपत्र वाचणारे आम्ही दोघंच, म्हणून भांडायलाही दोघंच. "पंत, राजालाबी जाब द्यावा लागतो, असं आजवर कोन म्हनलं होतं? न्यायाधीश कोनते का असेनात!"

मी म्हटलं, राजाला जाब विचारायला राजाहून मोठा कोण? कलम कुठलं? गुन्हा झाला तेव्हा जे नव्हतं ते कलम आता लिहिणार?

"मानसं मारू नयेत, हे लिवावं लागतं का बे?"

‘बे’! कोर्टाच्या ओसरीवर, पक्षकारांदेखत!

२२ जुलै

मुन्सफसाहेबांनी दोघांना आत बोलावलं. दार लावून घेतलं. "राजावर मुकदमा चालतो की नाही, ही चर्चा माझ्या आवारात नको. आज कैसर म्हणाल, उद्या —" पुढचं गिळलं. नजर भिंतीवरच्या निजाम सरकारांच्या तसबिरीकडे गेली.

तसबिरीलासुद्धा भिणारे हाकिम! आणि तिकडे म्हणे बादशहाला पिंजऱ्यात उभा करणार.

९ ऑगस्ट

आज तर कहर झाला. तलवाड्याची एक बाई दोन दिवस चालत आली. बायनाबाई नाव. पन्नाशीची, गुडघ्यापर्यंत चिखल. म्हणते, "लढाई लावनाऱ्या राजावर कोर्ट बसनार हाय म्हनं. माजी गवाही लिवून घ्या."

तिचा मुलगा म्हाळू लढाईत समुद्रापलीकडे, बसऱ्याच्या बंदरावर मेला. जहाजातली पोती उतरवायच्या कामावर गेला होता. तिथं लोक माश्यांसारखे मेले, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

मला हसू आवरेना. म्हटलं, बाई, ते कोर्ट समुद्रापलीकडे आहे. तिथं तुला कोण विचारतो?

"म्हाळूबी समुद्रापल्याडच गेलता की. त्याला न्हेताना न्हाई कुनाला लांब वाटलं."

बायकोनं, सुभद्रेनं, तिला ओट्यावर भाकरी वाढली. मी एक कागद खरडून दिला. ‘कैसर, मुक्काम हॉलंड, यांजवर फिर्याद’ — त्यावर अंगठा उठवून घेतला. जाऊ दे घरी, म्हणून! युसूफला गंमत सांगितली. तो हसला नाही. त्याला विनोद कळत नाही.

१० ऑगस्ट

गेली नाही! मारुतीच्या देवळात झोपली. सकाळी पुन्हा ओट्यावर. "पोचला का कागद?"

२ सप्टेंबर

परत आली. या वेळी बरोबर चाँद पिंजारी. तोही बसऱ्याला होता, जिवंत परतला. डावा पाय ओढत चालतो.

"कैसरला ऱ्हाऊ द्या," बाई म्हणाली. "त्याला कुटं आमी वळखतो? ज्यानं धाडलं त्याच्यावर लिवा. विठ्ठलराव देशमुखावर."

गारच पडलो. देशमुखांची चौदा गावं. लढाईला माणसं भरून दिली म्हणून त्यांना चांदीच्या मुठीची तलवार मिळाली. घरटी एक जण मागितला होता त्यांनी. एकट्या तलवाड्यातून अकरा गेले, चार परत आले.

चाँद म्हणाला, "एक साल बोलले होते. साल भरल्यावर साहेबाला म्हनलो, सोड घरी. त्यानं कागद फुडं केला. कागदात सालाचं नावच न्हवतं. लढाई सरेस्तोवर, असं होतं." म्हाळू दुसऱ्या उन्हाळ्यात गेला. शेवटपर्यंत दिवस मोजत होता, म्हणे.

मी म्हटलं, मला ताप आहे, नंतर या.

ताप नव्हता.

१५ सप्टेंबर

युसूफनं ती फिर्याद घेतली! उर्दूत सुबक दरखास्त लिहून मुन्सफांपुढे ठेवली. तासाभरात परत. वर शेरा — ‘लढाईचा मामला. या कोर्टास इख्तियार नाही.’

अधिकारच नाही! मी म्हटलंच होतं.

३ डिसेंबर

आज युसूफ सगळे शेरे ओळीनं मांडून बसला होता. तालुकदार कचेरी म्हणते, हा फिर्यादीचा मामला, कोर्टात जा. हैदराबाद म्हणतं, देशमुखांना कोर्टात हजर राहण्याची माफी आहे. शिवाय माणसं इंग्रजांच्या लढाईत मेली, इंग्रजांना विचारा. इंग्रजांचं उत्तरच नाही. वा! इतक्या कचेऱ्या, आणि सगळ्यांचं एकमत — अधिकार दुसऱ्याचा! कैसरच्या वकिलांनी बीडला येऊन शिकावं. फुकट शिकवू.

युसूफ कागद गोळा करत म्हणाला, "तिला काय सांगू?" म्हटलं, खरं सांग. मोठ्यांना कोर्ट नसतं.

हे वाक्य मला आवडलं होतं. घरी येईस्तोवर आवडेनासं झालं.

३० जानेवारी १९२०

हॉलंडनं नकार दिला! आमच्या कायद्यात असा गुन्हा नाही, आश्रयाला आलेल्याला आम्ही देत नाही — संपलं! पाच न्यायाधीश, मोठाली कलमं, सगळं पाण्यात. कैसर मजेत बागेतली लाकडं फोडतो, म्हणे.

वर्तमानपत्र युसूफपुढे टाकलं. त्यानं शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. "हरलो," म्हणाला. "पन तुमी कावून इतके खूश, पंत?"

आज जेवण जास्त जायला हवं होतं. अर्धी भाकरी टाकली.

४ फेब्रुवारी

बायनाबाई आली. मीच सांगून टाकलं — कैसर सुटला. देशमुखही सुटले. आता कुठलंच कोर्ट उरलं नाही. घरी जा.

"उरलं न्हाई तर बसवू," ती म्हणाली. "आठ दिसांनी, तलवाड्यात. परत आल्याले चौघं बोलतील. अकरा घरच्या बाया ऐकतील. देशमुखाला सांगावा धाडलाय."

"कोणत्या इख्तियारानं?" मी ओरडलोच.

"लेकरू माजं मेलंय."

मी कागद आवरायला लागलो. मग हळूच म्हणाली, "वकीलसाब, बीडात वकील लई हायत. मी पयल्यांदा तुमच्याच दारी कावून आले, हे तुमी कंदी इचारलं न्हाई."

मी मान वर केली नाही.

"चावडीवर कागद वाचला तुमी. एक साल म्हनलाव तुमी. मी भितीला टेकून हुबी होते."

सुभद्रा दारात होती. हातातलं पातेलं तिनं खाली ठेवलं.

५ फेब्रुवारी

सुभद्रा बोलत नाही. ताट वाढते, आत जाते.

लिहून टाकतो. सोळा सालचा वैशाख. देशमुखांनी माझ्यासाठी बैलगाडी पाठवली होती. कागद उर्दू, लांबलचक. ते म्हणाले, "पंत, लोकांना समजेल असं वाचा. बिचकतील असं नको." मी समजेल असं वाचलं. ‘लढाई संपेपर्यंत’ हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं आणि तोंडानं ‘एक साल’ म्हणालो. अडखळलोसुद्धा नाही. पुढं बसलेला एक दणकट गडी उठला. "पुढच्या पेरनीला घरी असन का?" मी म्हटलं, असशील. तोच म्हाळू. नाव तेव्हा विचारलंही नव्हतं.

त्या दिवाळीत देशमुखांच्या शिफारशीनं माझी वकिलीची सनद तिसऱ्या दर्जावरून दुसऱ्या दर्जाची झाली. सुभद्रेनं पुरणपोळी केली होती.

आणि सात महिने कैसरच्या कोर्टाला हसतो आहे!

९ फेब्रुवारी

देशमुखांचा कारकून येऊन गेला. "त्या तमाशात दिसू नका, असं मालक म्हणाले. सनद जपा." मुन्सफसाहेबांनीही आडून तेच सुचवलं.

तमाशाच आहे! ना शिक्का, ना कायदा, ना शिक्षा देण्याची ताकद. अडाणी बायकांचं कोर्ट! जगात हसं होईल. युसूफ जाणार आहे. जाऊ दे. त्याला विनोद कळत नाही.

११ फेब्रुवारी

सुभद्रेनं न विचारता प्रवासाची भाकरी बांधून ठेवली. दोन माणसांची — माझी आणि तिची.

तलवाडा, १२ फेब्रुवारी

रातोरात गाडीनं पोचलो. लिंबाखाली घोंगडी अंथरली होती. चाँदनं देशमुखांना तीनदा पुकारलं. कुणी आलं नाही.

मग माझं नाव घेतलं. एकदाच.

उभा राहिलो.