आईचा दंड भरलाय, पण पावती नाही

तर फोन कट झाला तिथूनच पुढे सांगते, जयमालामावशी: आईला पोलिसांनी पकडलंच नव्हतं.

साष्टांग नमस्कार राहिला, तो घे (खुर्चीत बसूनच घालतेय). काकांचा गुडघा काय म्हणतो? अनुयाताई लग्नाच्या डाएटमधून वाचली का? इकडे चिखलीत सगळं मजेत, म्हणजे आईचा उजवा हात सोडला तर.

झालं असं, की बाबांनी चाकणच्या मार्केटमधून कांद्याची गोणी आणली, तीसुद्धा कंपनीच्या बसमधून (अख्खी शिफ्ट शिंकत आली म्हणे). आता मागच्या ऑपरेशनमध्ये आईच्या छातीतली गाठ काढली तेव्हा काखेतल्याही ग्रंथी काढल्या, त्यामुळे हातातलं पाणी नीट वर सरकत नाही, साचतं. जड उचलायचं नाही हे मी तिला इतके व्हिडिओ दाखवून सांगितलंय, की तिला ती यूट्यूबवाली बाई आता नात्यातली वाटते. तरी आम्ही दोघं घरी नसताना तिनं गोणी ओढत बाल्कनीत नेली. का, तर दारात कांदे बरे दिसत नाहीत. संध्याकाळपर्यंत हात पावासारखा फुगला. फिजिओबाई फोनवर म्हणाल्या, दंड भरलाय, घेऊन या. कोपराच्या वरचा हात म्हणजे दंड, हा शब्द मला नवीनच होता, आवडला, म्हणून मी तोच फॅमिली ग्रुपवर टाकला (तूच म्हणतेस ना, मराठीत लिहीत जा): "आईचा दंड भरलाय."

पुढचं तुला माहितीये. हिंदुरावमामांनी विचारलं सिग्नल कुठला. तू अंगठ्याचा इमोजी टाकलास. अंबुआजीचा व्हॉइस मेसेज आला, "भरला न्हवं? मग झाली मोकळी. पावती तेवढी जपून ठिव म्हणावं." आम्ही हॉस्पिटलच्या बाकावर, आणि ग्रुपवर हेल्मेटसक्तीवर वादविवाद.

फिजिओबाईंनी आधी पट्ट्या बांधून सूज उतरवली, मग मापाची घट्ट बाही दिली. सकाळी चढवायची, दिवसभर ठेवायची, झोपताना काढायची. बाही हा फारच साधा शब्द आहे गं, प्रत्यक्षात ती चढवणं म्हणजे उशीच्या अभ्र्यात गादी घालणं. बाबा कंपनीत पत्रे दाबून पार्ट काढतात त्या प्रेस शॉपमधले, त्यामुळे दाब म्हटलं की आपलंच डिपार्टमेंट अशी त्यांची समजूत. त्यांनी भांड्यांचे रबरी हातमोजे घालून ग्रिप घेतली (हे खरंच बरोबर निघालं). मी म्हटलं, आईला काय होतं ते कळायला हवं, म्हणून बाही स्वतः घालून पाहिली. ती निघेना. मशीनमध्ये पार्ट अडकल्यासारखं बाबांनी "जॉब अडकला" असं जाहीर केलं आणि मी ऑफिसची मीटिंग एक हात टेबलाखाली ठेवून केली. आता मात्र आमची लाइन सेट झालीये. रोज बाही, रोज व्यायाम, रविवारी टेपनं माप. सूज उतरतेय, मावशी. आम्ही हात सोडणार नाही.

पण काल आई बाही काढून ओट्यापाशी जुन्या बांगड्या चढवत होती. मनगट लालभडक. मी ओरडणारच होते, तेवढ्यात ती हळूच म्हणाली, "जयूकडे चुडा भरताना एक दिवस मला चारचौघींसारखं बसू दे. सगळ्या हाताकडेच बघतील गं."

तरीही बाही निघणार नाही, हे नक्की.

तुझी हट्टी भाची,
सई

ता. क. कासारकाकांना सांगून ठेव, आईच्या उजव्या हाताला एकही बांगडी नको. ते हात दाबून दाबून चढवतात. डाव्या हातात हव्या तेवढ्या भरू देत.

ता. क. २. वर सगळं मजेत लिहिलंय ते खरं नाही. बाही घालूनच जायचं असेल तर मी लग्नालाच येत नाही, असं आई कालपासून म्हणतेय. हे पत्र तिला माहीत नाही.

ता. क. ३. तिचा एकटीचा उजवा हात मोकळा राहिला तर बायका बघणारच. पण नवरीची आईच फक्त डाव्या हातात चुडा भरून तिच्या शेजारी बसली तर? आजी अशुभ वगैरे म्हणेल, तिला बाबा आणि मी सांभाळतो. खरं सांग मावशी, बसशील का तू अशी, की मी फारच मागतेय?