डावीकडची खोली

दिनांक ३ मार्च, सोमवार. सकाळी ७.१०

लिहून ठेवतो की, मी, साऱ्या बाजारपेठेत ‘तराजूवाले’ या नावाने परिचित, वय वर्षे बाहत्तर, शिक्षण इयत्ता चौथी (वर्गात दुसरा), धंदा तराजू व वजने दुरुस्त करणे, सध्या निवृत्त, पूर्ण शुद्धीवर राहून पुढील मजकूर लिहीत आहे. मी दारुडा नाही. मी मापाने घेतो. तांब्याची दोन मापे. सर्दी असल्यास तीन. सर्दी सहा वर्षे हटलेली नाही.

मुलीचे म्हणणे वेगळे आहे. गेल्या महिन्यात तिच्या जिन्यावर माझा पाय घसरला. कडेवर नात होती. तिच्या हनुवटीला तीन टाके पडले. दोष पायरीचा. ती अर्ध्या इंचाने उंच आहे. तरी मुलीने बजावले की, दारू सोडणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये चार वेळा बसून या, बाबा; तोवर नात दिसणार नाही.

निश्चय: चार बैठका उरकणे. आजपासून घेणे संपूर्ण बंद.

त्याच दिवशी, सायंकाळी ६.४०

एकदम बंद केल्यास प्रकृतीस अपाय होतो, असे कोठेतरी ऐकले आहे. एक माप.

दिनांक ५ मार्च, बुधवार

ग्रुप सापडत नाही. हे लोक नावे गुप्त ठेवतात ते ठीक, पत्ताही गुप्त? मुलीला विचारणे कमीपणाचे. औषधांच्या दुकानदारास ‘एका परिचितासाठी’ म्हणून हळूच विचारले. तो इतक्या मोठ्याने उत्तरला की मागच्या रांगेलाही पत्ता पाठ झाला. ग्रंथालयाचा वरचा मजला, मंगळवार व गुरुवार, सायंकाळी सहा.

दिनांक ६ मार्च, गुरुवार

इस्त्रीचा सदरा. तोंडात दोन वेलच्या. वर समोरासमोर दोन खोल्या, बोर्ड एकाही दारावर नाही. वॉचमनने मला आपादमस्तक न्याहाळले व म्हणाला, “पिणारे उजवीकडे, त्यांच्या घरची माणसं डावीकडे. तुम्ही कुठले, आजोबा?” बाकावर तीन बायका कान देऊन बसल्या होत्या. मी पिणारा दिसतो काय, असे त्यास खडसावले. “मी कुठं काय म्हणालो? जा की डावीकडं!”

गेलो. मुलीने ग्रुपमध्ये बसा म्हटले होते. कोणत्या बाजूस, हे म्हटले नव्हते.

ग्रुप चालवणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका आहेत. तुमच्या घरी कोण घेते, असे त्यांनी विचारले. एक वयस्क गृहस्थ, मी सांगितले. घरी मी एकटाच राहतो, तेव्हा विधान सत्य आहे. सर्वांनी हळहळ व्यक्त केली. चहा बरा होता. बैठक पहिली.

दिनांक १३ मार्च, गुरुवार

गृहस्थांची बाजू मांडली. मापाने घेतात, सर्दीमुळे घेतात. एक जाड चष्म्याच्या बाई खो खो हसल्या. “आमच्याकडेही सर्दीच होती हो! मग खोकला झाला, मग नोकरी गेली.” शिक्षिका म्हणाल्या, “आजोबा, त्यांची वकिली पुरे. किती दिवस त्यांच्या बाटल्या लपवणार?”

यांना कोणी सांगितले? बाटली वजनांच्या पेटीत आहे, पेटीला कुलूप आहे. संताप. तीन मापे. बैठक दुसरी.

दिनांक २० मार्च, गुरुवार

एकमताने सल्ला मिळाला की, अशी माणसे सुधारत नसतात. बॅग भरा आणि त्या गृहस्थांना सोडून निघा. कोठे निघू? फुकटच्या सल्ल्याला वजन नसते. बैठक तिसरी.

तांब्याचे माप सापडत नाही. पेल्याने अंदाजे घेतली. माझा अंदाज चुकत नाही.

दिनांक २७ मार्च, गुरुवार. रात्री ८.००

शेवटची बैठक म्हणून मागच्या खुर्चीवर निश्चिंत बसलो होतो. सव्वासहाला एक बाई घाईघाईने आल्या व पुढे बसल्या. माझी मुलगी. एरवी मंगळवारी येते, या आठवड्यात ड्यूटी बदलली, असे तिने शिक्षिकेस सांगितले. मागे पाहिले नाही. मग बोलू लागली.

“माझ्या बाबांनी उभ्या आयुष्यात कुणाला ग्रॅमभर कमी तोलून दिलं नाही. पण जिन्यातल्या पावलांवरून मला कळायचं, आज जेवायचं आहे की लपायचं आहे. आता माझी लेक हनुवटीवर हात ठेवून विचारते, आजोबा कशानं पडले? मी सांगते, पायरी उंच आहे.”

शिक्षिका म्हणाल्या, “मागं आजोबा आहेत ना, त्यांच्या घरीही अगदी असेच एक गृहस्थ आहेत. बोला, आजोबा.”

मुलगी वळली. “बाबा? तुम्ही इकडे?”

मी उठलो. वाटेत पायरी नव्हती, तरी अडखळलो. बाहेर वॉचमनने उजवीकडचे दार उघडून धरले होते. “चार गुरुवार तुमची खुर्ची मांडतोय. वेलची खाऊन येणारे आधी डावीकडंच जातात, आजोबा. मीही गेलो होतो.”

तेथे उभे राहून सांगावे लागते. सांगितले ते असे: तराजूवाले, वय बाहत्तर, इयत्ता चौथी, दारुडा. पायरी मी कधी मोजलीच नव्हती.

डावीकडच्या तीन बैठका बाद. आजची पहिली.

समक्ष हजर: वॉचमन, शेजारच्या खुर्चीवर. शिक्षिका, दारापर्यंत आल्या. मुलगी, उंबऱ्याबाहेर. निघून गेली नाही.