चौथं कडवं

लूईस बेट,
९ नोव्हेंबर १९५७

प्रिय एफी,

देवाच्या कृपेने मी बरा आहे. तूही बरी असावीस. आई गेल्याची तार ग्लासगोला पोचली असेल. दलदलीतून कापलेलं जळणाचं पीट यंदा वेळेवर सुकून घरात आलं. शेजारची पेगी तुझी आठवण काढते.

ऑगस्टमध्ये एडिनबराहून एक माणूस जुनी गाणी उतरवून घ्यायला आला होता. सोबत आवाज साठवणारं यंत्र होतं. आई खुशीत होती. "माझा खोकलाही ठेवून घेणार का रे हे?" म्हणाली.

त्याने धारा काढताना म्हणायचं ते गवळणीचं गाणं मागितलं. त्याला ते पाठच होतं, पण आपल्या बेटावरच्या कवीच्या शब्दांत. दीडशे वर्षांपूर्वी कवीने ते तुझ्यामाझ्या घराण्यातल्या बायकांकडून ऐकलं, सुधारून छापलं आणि आता लग्नात, शाळेत, लोकरीचं कापड घट्ट व्हावं म्हणून आपटताना त्याचंच म्हणतात. त्यात शेवटी खलाशी परत येतो, लग्न लागतं.

"कवी मोठाच," आई म्हणाली, "पण धारा आमच्या बायका काढायच्या, तो नव्हे. त्याच्या आधीचं ऐकायचंय?"

तो माणूस खुर्चीवरून पडायचाच बाकी राहिला.

तीन कडवी तिने म्हटली. चौथ्याला अडखळली. तुला माहीत आहे, चर्चमध्ये स्तोत्राची ओळ आधी मी देतो, मग मंडळी ती उचलतात. आई वीस वर्षं माझ्यामागून उचलत आली. मी ओळ दिली. कवीची. आई सवयीने त्या ओळीमागे गेली. खलाशी परत आला, लग्न लागलं.

यंत्र थांबल्यावर तिने माझ्याकडे पाहिलं. "आपली ओळ तुला ठाऊक होती ना रे?"

मी त्या माणसाला म्हणालो, "वय झालंय, विसरते."

ठाऊक होती. ती एकच ओळ मला येते. तेवढी तिला पुरली असती. भाऊ आतून अडसर घालतो आणि पोटुशी बहीण समुद्राकडे चालू लागते, ते कडवं. परक्यापुढे, आईच्या तोंडून, मला ते ऐकवलं नसतं. अडतीस सालच्या मार्चमध्ये मी अडसर घातला तेव्हा ओठांवर स्तोत्र होतं. आई मागे उभी होती. तिला मी गप्प बसवलं.

पुन्हा म्हण, असं तिला सांगायचं रोज ठरवत होतो. ऑक्टोबरात तिची वाचा गेली, आठवड्याने ती गेली.

मंगळवारी रेडिओवर तिचं गाणं लागलं. पेगी डोळे पुसत म्हणाली, "अगदी जुनं, अस्सल हो!" मी बाहेर निघून गेलो. काल एडिनबराला खरं काय ते लिहिलं. चर्चच्या वडीलधाऱ्यांनाही सांगितलं. उद्यापासून ओळ दुसरा कोणी देईल.

ते कडवं आईने फक्त तुला शिकवलं होतं. तो माणूस तुझ्याकडे येईल. पत्ता तुला न विचारता दिला, नको वाटलं तर त्याला घरात घेऊ नकोस. म्हणालीस तर पुरतं म्हण, भावाला वगळू नकोस. हा भाऊ कोण, असं त्याने विचारलं तर माझं नाव सांग.

तुझं मूल आता एकोणीस वर्षांचं असेल. मुलगा की मुलगी, आईने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मुलगी असेल तर ती ते गाणं शिकली असेल. म्हणजे मला ओळखत असेल.

भाऊ म्हणून सही करावी, असं काही मी केलेलं नाही. नुसतं नाव लिहितो.

टॉर्किल