आजोबा निळा शर्ट घालतात

सोमवार, १२ तारीख, सकाळ

माझी लाडकी छकुली,

तुला पोटभर आशीर्वाद. इथे सगळं ठीक, तूही ठीक असशीलच. अक्षर लागलं नाही तर रागावू नकोस. चौथीत शाळा सुटली ती सुटलीच माझी.

आधी आनंदाची बातमी. आपल्या घरात सर्व्हर बसला. बसला म्हणजे जिन्याखाली, चपलांच्या कपाटावर. तुझाच जुना कॉम्प्युटर तो, पडदा नाही, नुसता खोका. दिवसभर मांजरासारखा गुरगुरतो. मी कौतुकाने त्याच्यावर विणलेला रुमाल घातला तर तुझी आई ओरडली, त्याला उकडतं म्हणे. आता इंटरनेट एकच आणि वापरणारे सगळे. तुझी आई वरच्या खोलीत ऑफिसचं काम करते, खालची शिवणवाली आपल्या लेकीशी बोलते, आणि मी भाजी चिरता चिरता घरातले सगळे जुने फोटो बघते. तुझे पुढचे दात पडलेले फोटोसुद्धा आहेत. मला तर लॉटरी लागल्यासारखं झालंय.

वायर कोणी टाकून घेतली सांगू? आजोबांनी. ज्यांनी तुझी नेटची वायर पकडीने तोडून रस्त्यावर फेकली आणि एक तर ही पोरगी घरात राहील नाहीतर मी म्हणाले, तू घर सोडलंस ज्यांच्यामुळे, त्यांनीच. नेटवाल्याला पलंगावरून सांगत होते, विजेच्या वायरीला खेटून नेऊ नकोस, कोपऱ्यात वळण सैल ठेव. जन्मभर वायरमनची कामं केली, जीभ कशी गप्प बसेल. तो वैतागून म्हणाला, काका, तुम्हीच चढा शिडीवर.

पलंगावरून म्हणजे, हल्ली जरा पडून असतात. वय झालं.

त्यांच्या खोलीत कॅमेरापण लावलाय. आम्ही खाली असलो तरी लक्ष राहावं म्हणून. त्यांनी तुझ्या आईला विचारलं, हे बाहेरून कोणाला दिसतं का. ती म्हणाली, आपण ज्याला परवानगी देऊ त्याला.

"मग तिला दे," म्हणाले.

तिला म्हणजे कोणाला, ते बोलले नाहीत. तुझ्या आईने तुझंच नाव घातलं.

कॅमेरा बघायला लागतं ते सगळं तुझ्या आईने तुला फोनवर पाठवलं. तू उघडलं नाहीस. इकडे आजोबा रोज सकाळी दाढी करून मागतात. इस्त्रीचा शर्ट, पाठीला उशा, तोंड कॅमेऱ्याकडे. तासभर तसेच बसतात आणि मग मला विचारतात, आली होती का. कोण बघून गेलं ते त्या खोक्यात कळतं, तुझी आई मला दाखवते. तुझ्या नावापुढे काहीच नसतं गं.

पहिल्या दिवशी मी म्हटलं, आली होती. तोंडातून निघून गेलं. आता रोज म्हणावं लागतं. परवा विचारलं, काय म्हणाली? मी म्हटलं, घाईत होती, बारीक झालात म्हणाली. काय खूश झाले. म्हणाले, "तिला सांग, उद्या निळा शर्ट घालतो. त्यात बरा दिसतो मी."

छकुली, काही ठीक नाही इथे. डॉक्टर म्हणाले, आता घरीच असू द्या. कळलं ना तुला? काल दाढी करताना मान धरवेना, तुझ्या बाबांनी धरली. हात वर जात नाहीत म्हणून निळा शर्ट मागून कापून अंगावर घातला. कॅमेऱ्यात कापलेलं दिसत नाही ना, एवढंच विचारलं त्यांनी.

त्यांना माफ कर असं मी म्हणत नाही. घरी ये म्हणायची तर माझी हिंमतच नाही. पण तुझ्या वतीने मी एकटी किती बोलू? मला सुचेनासं झालंय आता. एकदा उघड. बोलावंसं वाटलं नाही तर नुसतं बघ आणि बंद कर. कसं उघडायचं ते आईने मागच्या पानावर लिहिलंय. पोस्टातली बाई म्हणते, पत्राला आठवडा लागेल. तेवढा आठवडा निघावा म्हणून मी देवापुढे बसून आहे.

सकाळी नऊला ते तयार असतात.

तुझ्या नावाने खोटं बोलणारी,
आजी