नियम क्रमांक चार

२ मार्च
दादाचा मेल आजही नाही. गेल्या महिन्यात फोनवर तो मला ‘कारकुंड्या’ म्हणाला. थोरला असला तरी माफी लेखीच हवी, असे मी त्याच दिवशी कळवले. वहिनी म्हणतात, भावोजी, यांनी केलाय हो मेल, बघा तरी. निघालेला मेल पोचत नाही, त्याअर्थी मेलचा प्रोग्रॅम बिघडला आहे. उद्या छडा लावतो.

३ मार्च, सकाळी १०
लॉगिंग चालू केले. आता प्रोग्रॅम आपल्या प्रत्येक हालचालीची नोंद एका फाइलमध्ये करील. वाणिज्य पदवीधराला एवढे पुरे. संध्याकाळपर्यंत निकाल.

५ मार्च
निकाल लांबणीवर. लॉग छापला; प्रिंटरची शाई संपली. पत्नी म्हणाली, दादांना हॉस्पिटलात हलवलंय, आता तरी फोन लावा. फोनवर आवाज चढतो, त्याच्या प्रकृतीला ते बरे नव्हे, असे मी समजावले. ती म्हणाली, मग त्या कागदांनाच भेटून या, फळं घेऊन.

६ मार्च
सर्व्हरशी जोडणी झाली. पासवर्ड मान्य. मेल उतरला. ‘नियम क्र. ४ लागू.’ ही शेवटची ओळ रोज दिसते. आलेल्या मेलची व्यवस्था लावणारे हे नियम मी स्वतः केलेले असल्यामुळे तपासण्याचे कारण नाही. हिरव्या पेनाने बरोबरची खूण केली. संशय सर्व्हरवर.

८ मार्च
सर्व्हर कंपनीचे उत्तर: सर्व मेल आपल्याकडे पोचते केले आहेत. हात झटकणे म्हणतात ते हेच.
वहिनींचा फोन. एका बोटाने टाइप करतात हो, अर्धा अर्धा तास लागतो, दमतात. निदान ‘मिळालं’ एवढं तरी कळवा. मी म्हटले, न मिळालेल्याची पोच देता येत नाही.

१० मार्च
प्रोग्रॅम काढून टाकला. नव्याने बसवला. नियम मात्र जपून ठेवले.

११ मार्च, दुपारी
यश! लॉग प्रथमच स्वच्छ. नियम क्र. ४ ची ओळसुद्धा नाही. रविवारी दादाकडे जाऊन हे कागद दाखवीन. कारकुंड्या काय करू शकतो ते पाहील.

११ मार्च, संध्याकाळी
दादा सकाळीच गेला.

१६ मार्च
वहिनींकडून परतलो. निघताना त्यांनी विचारले, काय लिहीत होते हो तुम्हाला? मला बघू द्यायचे नाहीत. मी म्हटले, प्रोग्रॅममध्ये बिघाड होता.
घरी येऊन नियम क्र. ४ उघडला. ‘विषय न लिहिलेला मेल न दाखवता कायमचा पुसावा.’ ऑफिसातल्या बेशिस्त मंडळींसाठी केला होता. विषयाचा रकाना भरायचा असतो, हे दादाला कोणीतरी सांगायला हवे होते.
नियम रद्द केला. मग विषय न लिहिता मीच मला एक मेल पाठवला. तत्काळ आला. आत काही नव्हते.
प्रोग्रॅम उत्तम चालतो आहे. लॉगिंग बंद केले.